क्रॅपीला जिवंत मासोळीच लागते?
अमेरिकेत तळ्याकाठी हमखास ऐकू येतं, की क्रॅपी हा गोड्या पाण्यातला मासा फक्त जिवंत मासोळीला भुलतो; फ्लाय रॉड, म्हणजे नकली माशी फेकायची लवचिक काठी, ही ट्राउट मासे पकडणाऱ्यांची चैन. हे खरं नाही. क्रॅपी पाण्यातले किडे आणि प्लवकही खातो, आणि भक्ष्य बहुधा खालून वर येऊन टिपतो. म्हणून आमिष त्याच्या डोक्याच्या जरा वर रेंगाळायला हवं. 8 नंबरच्या गळावर पिसं बांधलेली नकली माशी नेमकी तशी सावकाश बुडते. जिग, म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ, झपकन खाली जातो. वसंतात पाणी 16 ते 20 अंश सेल्सिअसला आलं, की हे मासे अंडी घालायला उथळात येतात. तेव्हा तर साधी तरंगती दोरीही पुरते. चावा कसला, दोरीला किंचित थरथर, बस्स. हिसका मात्र देऊ नका, तोंडाची कातडी कागदासारखी, लगेच फाटते. काठी नुसती उचला.