अस्सल व विश्वसनीय (इतिहास-साधने)

इतिहासाच्या साधनांना लावायच्या दोन वेगळ्या कसोट्या. कागद ज्याचा आणि ज्या काळचा म्हणून पुढे येतो त्याचाच असेल, तर तो अस्सल. त्यातला मजकूर घडलेल्या गोष्टीशी जुळत असेल, तर तो विश्वसनीय. पहिली उतरली म्हणून दुसरी उतरतेच असे नाही.

यूरोपात लोरेन्झो व्हाला या इटालियन विद्वानाने सुमारे 1440 मध्ये ‘कॉन्स्टंटाइनचे दानपत्र’ (रोमन सम्राटाने पोपला सत्ता दिल्याचा कागद) भाषेवरून बनावट ठरवले. 1681 मध्ये माबियों या फ्रेंच साधूने दस्तऐवज-परीक्षेला शास्त्राचे रूप दिले. महाराष्ट्रात वि. का. राजवाडे यांनी 1898 पासून प्रसिद्ध केलेले साधनखंड आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना 1910) यांमुळे ही पारख रुळली. तिची गरजही मोठी होती, कारण वतनाच्या तंट्यांत खोटे महजर (सभेची निवाडपत्रे) व सनदा पुढे येत.

शिवकालीन पत्रात संशोधक मायना, शुहूर सन (त्या काळची अरबी कालगणना), शिक्का व शेवटचे मोर्तब (मजकूर संपल्याची मुद्रा) पाहतात. ‘क्षत्रियकुलावतंस’ हे बिरुद किंवा राज्याभिषेक शक ही कालगणना इ.स. 1674 च्या राज्याभिषेकापूर्वीच्या पत्रात आढळल्यास संशय घेणे योग्यच. मात्र नक्कलकाराने जुना मायना आपल्या काळाला धरून बदलला असण्याचीही शक्यता राहते. म्हणून तेवढ्यावरून मजकूर निकालात काढू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शिवाजी महाराजांनी रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरसप्रभू यांना लिहिले म्हणून दाखवले जाणारे 1645 चे पत्र काही अभ्यासक स्वीकारतात, काही शंकास्पद मानतात.

दोन कसोट्यांतले अंतर सभासद बखर आणि जेधे शकावली (जेधे घराण्याकडची, घटनांची तिथीवार नोंद) शेजारी ठेवल्यास चांगले कळते. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेने जिंजीत बखर लिहिली (1694 किंवा 1697 च्या सुमारास), याविषयी फारसा वाद नाही. तरीही तिच्यातला घटनाक्रम अनेक ठिकाणी चुकला आहे. शकावलीचा कर्ता अज्ञात आहे आणि ती नकलेच्या रूपात मिळाली. पण शिवजन्माची तिने दिलेली तिथी, फाल्गुन वद्य 3, शके 1551 (19 फेब्रुवारी 1630), ‘शिवभारत’ हे समकालीन संस्कृत काव्य व जोधपूरला मिळालेली शिवाजी महाराजांची कुंडली यांच्याशी जुळते. कालनिश्चितीसाठी शकावलीला झुकते माप मिळते ते यामुळेच.

ताम्रपटांत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. समुद्रगुप्ताच्या नावे असलेला गयेचा ताम्रपट कोरीव लेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी 1888 च्या आपल्या संग्रहात बनावट ठरवला. त्यांचा मुख्य आधार व्याकरणाचा होता: राजाची विशेषणे षष्ठी विभक्तीत आहेत, पण ‘समुद्रगुप्त’ हे नाव मात्र प्रथमेत येते. वारसांच्या लेखांत ‘अमक्याचा पुत्र’ अशा रचनेमुळे पूर्वजाची विशेषणे षष्ठीत असत. तशा एखाद्या लेखावरून मजकूर उतरवताना लेखकाने नाव बदलले, विशेषणे तशीच ठेवली, असा त्याचा अर्थ. काहींच्या मते हा पट हरवलेल्या मूळ दानपत्राची नंतर केलेली प्रत असावा. विभक्तीच्या पुराव्यामुळे फ्लीट यांचे मत अजून भक्कम वाटते. ताम्रपटाला जोडलेली मुद्रा मात्र बहुधा खरी असून दुसऱ्या एखाद्या पटावरून काढून आणलेली असावी, असेही त्यांनी नोंदवले आहे.