डीकॅफ चहाची चव जाते कुठे?

नाशिकमध्ये किराणा दुकानात डीकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेला, चहा मागितला की बहुतेक वेळा ग्रीन टीचा डबा पुढे येतो. ग्रीन टी त्याच झाडाचं पान आहे, त्यात कॅफीन असतंच. दुसरा सल्ला मिळतो तो नुसत्या गवती चहाचा. त्यात कॅफीन नाही हे खरं, पण चहाचा तुरट कडकपणाही नाही. संध्याकाळनंतर चहा घेतला की ज्यांची झोप उडते आणि तरीही ज्यांना चहाच हवा असतो, त्यांची यात फार कुचंबणा होते. चांगला डीकॅफ चहा मिळणं अवघड का, याचं उत्तर जर्मनीत सापडतं. कॅफीन काढण्याचं तंत्र मुळात चहासाठी नव्हतंच, ते कॉफीसाठी निघालं.

१८१९ मध्ये फ्रीडलीब रुंगे या तरुण रसायनशास्त्रज्ञाने कॉफीच्या बियांमधून कॅफीन वेगळं केलं. त्या बिया त्याला महाकवी गटे याने दिल्या होत्या. पुढे ब्रेमेनचा कॉफी व्यापारी लुडविग रोझेलिउस याने कॅफीन काढलेल्या कॉफीचा धंदा उभा केला. वडील अति कॉफीमुळे गेले अशी त्याची समजूत होती. कच्च्या बिया वाफेवर फुगवायच्या आणि बेंझीनने त्यांतलं कॅफीन धुऊन काढायचं, अशी त्याची रीत. १९०६ मध्ये त्याची 'काफे हाग' कंपनी सुरू झाली. बेंझीनने कर्करोग होतो हे कळल्यावर ते मागे पडलं आणि मिथिलीन क्लोराइड, इथाइल ॲसिटेट असे द्रावक आले.

खरी मेख इथे आहे. कॉफीची बी कच्ची असतानाच धुतात आणि नंतर भाजतात. तिचा सुगंध भाजताना तयार होतो, म्हणजे धुलाईनंतर. काळ्या चहाचं उलटं. पान सुकवून, चुरडून, आंबवून, वाळवून त्याचा वास आणि रंग आधीच तयार झालेला असतो, आणि सहसा त्या तयार चहातूनच कॅफीन काढतात. द्रावकाबरोबर सुगंध आणि तुरटपणाही थोडाफार निघून जातो. शिवाय चहाचा जिभेला जाणवणारा तरतरीतपणा काही अंशी कॅफीन आणि चहातल्या पॉलिफेनॉल या तुरट घटकांच्या जोडीतून येतो. जोडीतलं एक गेलं की चव बसते.

आपल्याकडे हे जास्त खटकतं, कारण आपली जीभ सीटीसीवर, म्हणजे यंत्रात पान चिरडून, फाडून, वळवून केलेल्या चहावर पोसलेली आहे. आसाममधल्या अमगुरी मळ्यात १९३० च्या सुमारास विल्यम मॅकर्चर याने हे यंत्र बनवलं. त्यातून निघालेली बारीक दाणेदार पावडर झटकन रंग सोडते, दूध, साखर आणि आलं पडलं तरी दबत नाही. सीबीएस बसस्थानकाजवळच्या टपरीवर असो की पंचवटीतल्या घरात, आपण पावडर पाण्यात उकळतो, त्यामुळे कॅफीनही भरपूर उतरतं. अर्धा मिनिट धुऊन पहिलं पाणी फेकलं की कॅफीन जातं, हा घरगुती उपाय म्हणूनच फोल आहे; तेवढ्यात थोडंसंच कॅफीन निघतं, सुगंध मात्र हकनाक जातो.

चवीच्या बाजूने मोठी सुधारणा झाली ती १९६७ मध्ये. कुर्ट झोसेल या जर्मन शास्त्रज्ञाला प्रयोग करताना दिसलं, की प्रचंड दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड पदार्थ निवडून विरघळवू शकतो. ३१ अंशांच्या वर आणि सुमारे ७४ पट वातावरणीय दाबाखाली हा वायू धड वायूही राहत नाही, धड द्रवही नाही. तो कॅफीन उचलतो आणि बाकीचं बरंचसं जागेवर ठेवतो. म्हणून पाकिटावर कॅफीन काढण्याची पद्धत शोधा. कार्बन डायऑक्साइड लिहिलं असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. 'नैसर्गिक पद्धतीने' एवढंच लिहिलं असेल तर बहुधा इथाइल ॲसिटेट वापरलेलं असतं, कारण ते फळांतही सापडतं.

करताना आलं आणि गवती चहा आधी उकळून घ्या, पावडर नेहमीपेक्षा जास्त टाका आणि दूध बेताने घाला, कारण डीकॅफचा रंग दुधात लवकर फिका पडतो. कपामागे काही मिलिग्रॅम कॅफीन त्यातही उरतं. ज्यांना ते पूर्ण वर्ज्य आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.