चेहऱ्याची मोजणी आणि हद्दीचा दगड

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी शेताची मोजणी निघाली की मोजणीदार आधी हद्दीचा जुना दगड शोधतो. दगड जागेवर नसेल तर साखळी कितीही ताणून धरली तरी वाद मिटत नाही. भाचीच्या दातांना तार बसवण्याआधी बेळगावच्या एका दंतरुग्णालयात तिच्या डोक्याचा बाजूने एक्स-रे, म्हणजे सेफॅलोग्राम, काढला, तेव्हा मला त्या दगडाची आठवण झाली. यंत्राच्या दोन काड्या तिच्या कानांत हलकेच बसवल्या गेल्या, नाकाच्या मुळाशी तिसरा आधार टेकला आणि तंत्रज्ञाने आधी कानडीत, मग मराठीत बजावले, ‘दातावर दात ठेव, हलू नकोस.’

एवढा बंदोबस्त लागतो, कारण डोके जराही कलले तर जबड्याची सावली बदलते आणि आजच्या चित्राची पुढच्या वर्षीच्या चित्राशी तुलनाच होऊ शकत नाही. कोरड्या कवट्या मोजणाऱ्या मानवशास्त्रज्ञांना ही अडचण फार आधी जाणवली होती. कर्णछिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड यांना जोडणारी पातळी आडवी मानायची, असा संकेत त्यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात ठरवला. ती ‘फ्रँकफर्ट पातळी’ आजही वापरात आहे. १८९५मध्ये राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि जिवंत माणसाची कवटी दिसू लागली. मात्र डोके पक्के धरून, ठरलेल्या अंतरावरून चित्र घेण्याची शिस्त १९३१मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी स्वतंत्रपणे मांडली. किरणांचा उगम चेहऱ्याच्या मध्यापासून पाच फुटांवर ठेवण्याची प्रथा तेव्हापासूनची आहे. तरीही सावली मूळ हाडापेक्षा थोडी मोठीच पडते. कोन मात्र त्या वाढीने फारसे बिघडत नाहीत, म्हणून अशा एक्स-रेवरून चेहरा मोजण्याच्या या शास्त्रात, सेफॅलोमेट्रीत, लांबीपेक्षा कोनांना मान अधिक.

दवाखान्यात ‘सेफ’ या तोकड्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चित्रावर पूर्वी पारदर्शक कागद ठेवून पेन्सिलीने रेघा उमटवत. आता तेच काम पडद्यावर होते. मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथी ज्या खोलगट हाडात बसते, त्याचा आकार तुर्की खोगिरासारखा असल्याने त्याच्या मध्याला ‘सेला’ म्हणतात. कपाळाचे आणि नाकाचे हाड जिथे मिळते तो बिंदू ‘नेझियन’. या दोघांना जोडणारी रेघ हा पाया. नेझियनपासून वरच्या जबड्याच्या पुढच्या खोलगट भागाकडे एक रेघ आणि खालच्या जबड्याकडे दुसरी रेघ काढली की दोन कोन मिळतात. स्टायनर यांनी १९५३मध्ये मांडलेल्या पद्धतीत हे कोन साधारण ८२ आणि ८० अंश मानले आहेत. त्यांतला दोन अंशांचा फरक वाढला, तर वरचा जबडा पुढे आहे किंवा खालचा मागे आहे, असा अर्थ निघतो.

हे आकडे नाजूक असतात. नेझियनपासून ५७ मिलिमीटर खाली असलेला बिंदू एक मिलिमीटर पुढे सरकला की कोन सुमारे एक अंशाने बदलतो, आणि अंधूक एक्स-रेवर एक मिलिमीटरची चूक अनुभवी डोळ्याकडूनही होते. संगणक कोन क्षणात काढतो; पण बिंदूच चुकीच्या जागी पडला तर चुकीचे उत्तरही तो तितक्याच झटपट देतो. शिवाय खुद्द दगडच हलू शकतो: एखाद्याचे नेझियन मुळातच पुढे असेल, तर जबड्यांतली तफावत कोनात कमी भासते. म्हणून जेकबसन यांनी १९७५मध्ये नेझियनला वगळून, दात मिटताना होणाऱ्या पातळीवरच दोन्ही जबड्यांचे बिंदू तोलण्याची रीत सुचवली. जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठाच्या तोकड्या नावावरून तिला ‘विट्स’ म्हणतात.

माझ्या मते खरा प्रश्न याच्याही पुढचा आहे, तो म्हणजे ‘योग्य’ चेहरा कोणाचा? डाउन्स यांच्या १९४८च्या गाजलेल्या मोजमापांमागे उत्तम दातांची, १२ ते १७ वर्षांची, फक्त २० गोरी मुले-मुली होती. आपल्याकडच्या अनेक निरोगी चेहऱ्यांत ओठ आणि पुढचे दात त्या मापापेक्षा पुढे असतात. तो दोष नव्हे. कवटीच्या मापांवरून माणसांची प्रतवारी लावण्याचा उद्योगही आपल्या देशाने पाहिला आहे. वसाहतकाळात ब्रिटिश अधिकारी रिझली यांनी नाकाच्या रुंदी-लांबीच्या गुणोत्तरावरून जातींची उतरंड मांडली. उलट इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या असमानतेवर प्रबंध लिहिला आणि तिचा वंशाशी संबंध लागत नाही, असा निष्कर्ष आपल्या गुरूच्या मताविरुद्ध काढला.

भाचीच्या त्या दोन जबड्यांच्या कोनांतला फरक पाच अंश निघाला. ऑर्थोडॉन्टिस्ट बाईंनी त्या आकड्यावर बोट न ठेवता त्याच चित्रात दिसणारे मानेचे मणके आधी पाहिले, कारण मणक्यांच्या आकारावरून जबड्याची वाढ किती शिल्लक आहे याचा अंदाज येतो. वाढ बाकी होती, म्हणून खालच्या जबड्याला पुढे ठेवणारे काढ-घालीचे उपकरण आधी देण्याचे ठरले. वर्षाने पुन्हा त्याच काड्या, तोच आधार, दातावर दात. कवटीच्या तळाचा पुढचा भाग साधारण सातव्या वर्षापर्यंत बहुतांश वाढून झालेला असतो, म्हणून बाईंनी दोन्ही रेखाटने सेलाशी जुळवून एकावर एक ठेवली. कपाळाखालच्या रेघा जवळजवळ मिळाल्या; हनुवटीची नवी रेघ मात्र जुनीच्या खाली आणि थोडी पुढे उमटली होती. त्यात उपकरणाचा वाटा किती आणि वयाचा किती, हे मी विचारले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, ‘ते या कागदावर वेगळे दिसत नाही.’