शिशाचा अ‍ॅप्रन नेमका कुणी घालायचा?

एक्स-रेच्या टेबलावर पेशंट झोपला की नातेवाइकांची एक मागणी हमखास येते: "ते शिशाचं जॅकेट यांच्या पोटावर टाका ना." टेक्निशियनने ते टाकलं नाही तर तो कामचुकार ठरतो, आणि बटण दाबायला शिशाच्या काचेमागे गेला तर स्वार्थीही. बहुतेक वेळा त्याचं दोन्ही बाबतींत बरोबर असतं. पण हे पटायला आधी त्या खोलीत किरण कुठून येतात ते बघावं लागतं.

ट्यूबमधून येतात, हे अर्धं उत्तर झालं. ट्यूबला शिशाचं आवरण असतं आणि त्यात एकच खिडकी. खिडकीपुढे कॉलिमेटर, म्हणजे झोताची चौकट लहानमोठी करणाऱ्या शिशाच्या पट्ट्या. अंगावर दिव्याचा चौकोन पडतो तेवढ्याच जागेवर मूळ झोत पडणार. बटण सोडलं की झोत बंद. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसे क्ष-किरणही गादीत, भिंतीत किंवा अंगात मुरत नाहीत. एक्स-रेनंतर लगेच बाळाला दूध पाजायला काहीच हरकत नाही.

उरलेलं उत्तर असं, की किरण पेशंटच्या अंगातून येतात. एक्स-रे चालू असतो तेवढा वेळ टेबलावरचा माणूसच एखाद्या मंद दिव्यासारखा चहूबाजूंना किरण फेकत असतो.

हे कसं होतं ते १९२३ साली आर्थर कॉम्प्टन यांनी उलगडलं. क्ष-किरणाचा फोटॉन, म्हणजे किरणातला ऊर्जेचा एक कण, शरीरातल्या एखाद्या सैलशा इलेक्ट्रॉनवर आदळतो आणि कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीला घासून तिरका जावा तसा वळतो. थोडी ऊर्जा इलेक्ट्रॉनला देतो, उरलेली घेऊन भलत्याच दिशेला निघतो. (रामन कोलकात्यात प्रकाशाचं विखुरणं तपासत होते तेव्हा कॉम्प्टन यांचं हे काम त्यांच्यासमोर होतं.) इथे ऊर्जेचा हिशेब बघण्यासारखा आहे. ६० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचा (हे फोटॉनच्या ऊर्जेचं माप) फोटॉन काटकोनात वळला तरी त्याच्याकडे सुमारे ५४ उरतात. पार उलटा, आला त्या दिशेला परतला तरी ४८-४९. म्हणजे विखुरलेला किरण काही दमलेला, निरुपद्रवी नसतो. त्यांची संख्या मूळ झोतापेक्षा खूप कमी असते, पण एकेकाचा जोर जवळपास तेवढाच. मांस, चरबी, पाणी यांत तपासणीच्या ऊर्जेला बहुतांश टकरी याच जातीच्या होतात.

आता दुसरी गोष्ट. शरीरात साधारण दर तीन-चार सेंटिमीटरला झोत निम्मा होतो. वीस सेंटिमीटर जाडीच्या पोटातून पलीकडे शंभरातले दोन-तीनच फोटॉन पोचतात आणि चित्र त्यांच्यावर उमटतं. म्हणून झोत ज्या बाजूने अंगात शिरतो ती बाजू सगळ्यात 'उजळ' असते, आणि विखुरलेले किरण तिथूनच सर्वाधिक उसळतात.

हाड बसवण्याच्या ऑपरेशनमध्ये सी-आर्म, म्हणजे इंग्रजी C च्या आकाराचं, पडद्यावर एक्स-रे दाखवणारं यंत्र लावलेलं असतं. त्याची ट्यूब टेबलाखाली आणि डिटेक्टर (चित्र टिपणारा भाग) वर ठेवायचा तो याचसाठी. उसळणारे किरण मग जमिनीकडे आणि पायांकडे जातात. ट्यूब वर घेतली की तेच सर्जनच्या डोळ्यांवर आणि गळ्यावर येतात, आणि डोळ्याच्या भिंगात मोतीबिंदू होऊ शकतो. मांडीच्या हाडात नेल (धातूचा लांब दांडा) घालताना आडवा व्ह्यू, म्हणजे बाजूने चित्र, घ्यावा लागतो. तेव्हा डिटेक्टरच्या बाजूला उभं राहावं, ट्यूबच्या नाही. हे माहीत असूनही गडबडीत पाळलं जात नाही, कारण ड्रिल धरायला सोयीची बाजू नेमकी उलटी निघते.

आकडे घेऊ. पोटाच्या फ्लुरोस्कोपीत (सलग चालणाऱ्या एक्स-रेत) कातडीवर मिनिटाला २० मिलिग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणांचं माप) पडत असतील, तर एक मीटरवर त्याचा साधारण हजारावा भाग येतो, म्हणजे २० मायक्रोग्रे. अर्ध्या मीटरवर चौपट, ८०. दोन मीटरवर पाव, ५. (पेशंट म्हणजे बिंदू नव्हे, त्यामुळे अगदी जवळ हा अंतराच्या वर्गाचा नियम तंतोतंत लागत नाही.) अर्धा मिलिमीटर शिशाइतका अ‍ॅप्रन या विखुरलेल्या किरणांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त अडवतो. एक पाऊल मागे आणि अंगात अ‍ॅप्रन, एवढ्यात काम भागतं. शिसंच का, तर कमी ऊर्जेच्या किरणांना गिळायची अणूची ताकद ढोबळमानाने अणुक्रमांकाच्या घनाच्या पटीत वाढते. शिशाचा अणुक्रमांक ८२, मांसाचा सरासरी सातच्या आसपास. त्याचा घन करून बघा.

मग तेच शिसं पेशंटच्या पोटावर का नको? छातीच्या एक्स-रेत पोटापर्यंत जे काही पोचतं ते मुख्यतः छातीतून आतल्या आत विखुरत येतं. बाहेर ठेवलेल्या पत्र्याला ते अडवताच येत नाही. म्हणजे दाराला कुलूप लावायचं आणि चोर घरातच. झोताच्या चौकटीत शिसं आलं तर नुकसान होतं ते वेगळंच. बऱ्याच यंत्रांत पेशंटच्या मागे तीन छोटे आयनीभवन कक्ष असतात. पुरेसे किरण पोचले की ते एक्स्पोजर तोडतात. त्यातल्या चालू कक्षावर शिशाची सावली पडली की यंत्राला वाटतं पेशंट फारच जाड आहे, आणि ते कमाल मर्यादेपर्यंत किरण सोडत राहतं. सीटी स्कॅनमध्येही सुरुवातीच्या स्काउट (आखणीच्या) चित्रात शिसं दिसलं तर यंत्र तिथला ट्यूबचा प्रवाह, म्हणजे किरणांचं प्रमाण, वाढवून ठेवतं. शिवाय मुलांच्या कमरेच्या एक्स-रेत शिल्ड, म्हणजे हे शिशाचं झाकण, जरा सरकलं की नेमका हवा तो सांधा झाकला जातो, आणि एक्स-रे पुन्हा. डोस दुप्पट.

ही शिल्डं १९५० च्या दशकात आली तेव्हा पुढच्या पिढ्यांत दोष उतरतील ही भीती मोठी होती. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांमध्ये असे वाढीव आनुवंशिक दोष आढळले नाहीत. किरणोत्सर्गापासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने जननग्रंथींना दिलेलं वजन, म्हणजे एकूण धोक्यातला त्यांचा वाटा, १९७७ मध्ये ०.२५ होतं, ते २००७ मध्ये ०.०८ वर आलं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने पेशंटच्या जननग्रंथींवर आणि गर्भावर सरसकट शिल्ड ठेवणं थांबवा असं स्पष्ट सांगितलं. घाबरलेल्या पेशंटच्या समाधानासाठी झोताबाहेर ठेवलं तर बिघडत नाही, इतकंच. गरोदर असल्याचं किंवा पाळी चुकल्याचं आधी सांगायचं ते मात्र टाळू नये, विशेषतः पोटाचा सीटी असेल तर. छातीच्या एक्स-रेत गर्भाला ०.०१ मिलिग्रेहूनही कमी पोचतं.

तुलनेला: छातीच्या एका एक्स-रेचा डोस सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट (सिव्हर्ट म्हणजे शरीराला असलेल्या धोक्याच्या हिशेबाने डोसचं माप), पोटाच्या सीटीचा आठ-दहा, आणि जमीन, हवा, अन्न, आकाश यांतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतोच. एक्स-रे पोटावर जॅकेट टाकून काढला का, यापेक्षा मागच्या महिन्यातल्या सीटीची सीडी डॉक्टरांना दाखवली का, या प्रश्नात जास्त बचत आहे. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये असे किरण नसतातच. तरी 'रेडिएशनपासून बचाव' या नावाखाली काहीही खपतं. २०२० मध्ये मोबाइलसाठी शेणाची चिप एका सरकारी आयोगाच्या अध्यक्षांनी पत्रकारांसमोर धरली होती! शेणात अणुक्रमांक ८२ चं काही नसतं, आणि मोबाइलच्या लहरी आयनीभवन करणाऱ्या, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन उडवणाऱ्या, नव्हेतच.

खरा डोस हल्ली भलत्याच वाटेने वाढतो. फिल्म असताना किरण जास्त झाले की ती काळी पडायची आणि चूक सगळ्यांना दिसायची. डिजिटलमध्ये जास्त किरण म्हणजे उलट स्वच्छ, बिनदाण्यांचं चित्र. रेडिओलॉजिस्ट खूश, त्यामुळे टेक्निशियनचा हात हळूहळू वर सरकतो. याला लगाम म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात डेव्हिएशन इंडेक्स नावाचा आकडा येतो. शून्य म्हणजे ठरवल्याइतका, +१ म्हणजे सव्वापट, +३ म्हणजे दुप्पट, +१० म्हणजे दहापट. लॉगरिदमचा मामला असल्यामुळे '+३' वाचून कुणाला धक्का बसत नाही, तिथेच घोळ होतो.

काम करणाऱ्यांसाठी आपल्याकडे अणुऊर्जा नियामक परिषदेची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे, सामान्य माणसासाठी १. मोजायला छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे लागलेला डोस नोंदवणारा बिल्ला. तो अ‍ॅप्रनच्या आत लावायचा असतो. बाहेर लावला तर जे अंगाला लागलंच नाही ते अहवालात येतं, आणि अ‍ॅप्रनसकट सी-आर्मजवळ टांगून ठेवला तर भिंतीचा डोस माणसाच्या नावावर चढतो.

अ‍ॅप्रन तर खुर्चीच्या पाठीवर घडी घालून फेकलेला असतो. आतलं शिसमिश्रित रबर त्या घडीवर तडकतं आणि वरच्या निळ्या कापडावरून काही कळत नाही. म्हणून तो रुंद हँगरवर टांगायचा, आणि वर्षातून एकदा टेबलावर पसरून सी-आर्मखाली तपासायचा. तडा गेला असेल तर पडद्यावर काळ्या अ‍ॅप्रनमध्ये पांढरी रेघ दिसते, बहुधा कमरेच्या घडीपाशी.