मेनूतला बारामुंडी, पेणचा जिताडा

मुंबई-पुण्यातल्या मोठ्या हॉटेलांच्या मेनूवर हल्ली ‘बारामुंडी’ दिसतो, आणि लोक ऑस्ट्रेलियाची चव म्हणून त्याचे जादा पैसे मोजतात. मासा आपलाच आहे. पेण-अलिबागकडचा जिताडा, गोव्याचा चोणक आणि हा बारामुंडी, तिघांचं शास्त्रीय नाव एकच: लेटस कॅल्करिफर.

बरं, तिकडेही हे नाव मूळचं या माशाचं नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या रॉकहॅम्प्टन भागातल्या आदिवासी भाषेतला हा शब्द, अर्थ ‘मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा’. तो साराटोगा नावाच्या भलत्याच माशासाठी होता. साराटोगा आयुष्यभर गोड्या पाण्यात राहतो आणि त्याची मादी अंडी तोंडात धरून उबवते. १९८०च्या दशकात जिताडा बाजारात खपवायला हे नाव बरं वाटलं, आणि साराटोगाचं नाव गेलं ते गेलंच.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या काकाडूतल्या बिनिंज या आदिवासी लोकांकडे मात्र जिताड्याला स्वतःचं नाव आहे, नामार्नकोल. त्यांच्या वर्षात सहा ऋतू. त्यातला पावसाआधीचा, ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा ऋतू म्हणजे गुनुमेलेंग. याच दिवसांत जिताडा आतले डोह सोडून विणीसाठी खाडीकडे उतरतो. यात दैवी ज्ञान वगैरे शोधणाऱ्यांनी जरा थांबावं. पोटासाठी पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर नजर ठेवली की एवढं कळतं, आणि ते काही थोडं नाही.

खाडीत पोचल्यावर या माशाचं जे होतं ते मला सगळ्यात आवडतं. जिताडा बहुधा नर म्हणूनच वयात येतो. काही हंगाम नर म्हणून विणीत भाग घेतो आणि साधारण ८० ते १०० सेंमी लांबीचा झाला की मादी होतो. कशासाठी? शुक्रपेशी इवल्याशा, लहान शरीरातही त्या भरपूर बनतात. अंड्यांना मात्र पोटात जागा लागते. लांबी दुप्पट झाली की आकारमान २ × २ × २, म्हणजे आठपट होतं. मोठी मादी कोट्यवधी अंडी घालते ती याच हिशेबाने. लहानपणी नर आणि थोराड झाल्यावर मादी, असं असलं की पिल्लं जास्त होतात.

नराची मादी होण्याचा हा बदल घडवणारं एक मुख्य विकर (एन्झाइम) म्हणजे अरोमाटेज. ते टेस्टोस्टेरॉन या नर संप्रेरकाचं इस्ट्रोजेन या मादी संप्रेरकात रूपांतर करतं. त्याच्या जनुकावरचे मिथाइल गट, म्हणजे डीएनएला चिकटलेल्या छोट्या रासायनिक खुणा, नर-मादीत वेगवेगळे असतात. डीएनएची अक्षरं तीच राहतात, कुठलं पान उघडायचं ते बदलतं. वृषणाच्या ऊतींची जागा हळूहळू अंडाशयाच्या ऊती घेतात.

म्हणून क्वीन्सलँडमध्ये ५८ सेंमीपेक्षा लहान जिताडा धरायला जशी बंदी आहे, तशी १२० सेंमीपेक्षा मोठा धरायलाही आहे. तो आकार म्हणजे जवळजवळ नक्की मादीच.