एक लिटर अल्कलाइन पाणी आणि एक मिलिलिटर जठररस

फोंड्याला एका परिचितांच्या घरी अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या, पाण्याच्या यंत्राचे प्रात्यक्षिक चालले होते. टेबलावर दोन पेले. एकात ओपाच्या जलप्रकल्पातून येणारे नळाचे पाणी, दुसऱ्यात यंत्रातून काढलेले. दोन्हींत एका बाटलीतले थेंब टाकले. नळाचे पाणी हिरवट झाले, यंत्राचे जांभळे. विक्रेता म्हणाला, "आपलं शरीर अ‍ॅसिडिक झालंय, म्हणून सगळे आजार. या पाण्याचा पीएच नऊ आहे, हे रक्तातलं अ‍ॅसिड संपवतं." घरातली अकरावीची मुलगी शेजारीच उभी होती. तिने विचारले, "पण पाणी आधी पोटात जातं ना? तिथे तर अ‍ॅसिडच असतं." विक्रेत्याने उत्तर टाळले आणि किमतीचा कागद पुढे केला.

या मुलीने जीवशास्त्र घेतले आहे आणि रसायनशास्त्र तिला नको आहे. तिच्यासारखी मुले गोव्यातल्या प्रत्येक हायर सेकंडरीत भेटतात. जीवशास्त्राच्या पुस्तकात आम्ल, आयन, बफर यांचे प्रकरण आले की ते पाठ करून पुढे जायचे, असा रिवाज आहे. पण तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नेमके त्याच प्रकरणात आहे, आणि माझ्या मते शरीरातली सर्वांत सुंदर रासायनिक व्यवस्थाही तिथेच आहे.

आम्ल म्हणजे पाण्यात हायड्रोजनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सोडणारा पदार्थ. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन निघून गेला की उरतो नुसता प्रोटॉन, आणि तो पाण्याच्या एखाद्या रेणूला चिकटून फिरत राहतो. शुद्ध पाण्यातही थोडे रेणू आपोआप फुटतात. २५ अंश तापमानाला दर ५५ कोटी रेणूंमागे साधारण एक. त्यातून लिटरमागे एक मोलचा (मोल म्हणजे कण मोजायचे ठरावीक माप) एक कोटीवा भाग एवढे हायड्रोजन आयन तयार होतात. एकावर सात शून्ये दिली की एक कोटी होतात, म्हणून या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, ७. ही मोजपट्टी सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची होती आणि सोरेन्सन विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर काम करत होता. विकरांचे काम आम्लतेनुसार कसे बदलते हे नोंदवायला त्याला सोयीचा आकडा हवा होता. पीएच जन्मला तोच जीवशास्त्राच्या गरजेतून.

या पट्टीवर एक अंक खाली आलो की हायड्रोजन आयन दहापट होतात, दोन अंक आलो की शंभरपट. एवढे लक्षात ठेवून त्या यंत्राच्या पाण्याचा हिशेब करू. पीएच ९ म्हणजे आम्लाला मारणारे हायड्रॉक्साइड आयन लिटरमागे एक मोलचा एक लाखावा भाग. जठरातल्या रसाचा पीएच साधारण १.५ ते ३.५ असतो. आपण २ धरू. त्यात हायड्रोजन आयन लिटरमागे एक मोलचा शंभरावा भाग, म्हणजे त्या पाण्यातल्या हायड्रॉक्साइडच्या हजारपट. तेव्हा एक लिटर अल्कलाइन पाणी निष्प्रभ करायला किती जठररस लागेल? एक मिलिलिटर. जठर दिवसाला दीड-दोन लिटर रस तयार करते. पाण्यात बायकार्बोनेट विरघळलेले असेल तर थोडा जास्त रस खर्च होईल, पण तोच परिणाम चिमूटभर खाण्याच्या सोड्यानेही होतो आणि त्याला लाखाचे यंत्र लागत नाही.

मग रक्ताचे काय? निरोगी माणसाच्या रोहिणीतल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यात असतो. म्हणजे रक्त मुळातच किंचित अल्कलाइन आहे, कोणी करायची गरज नाही. हायड्रोजन आयन त्यात लिटरमागे अवघे ४० नॅनोमोल (नॅनोमोल म्हणजे मोलचा अब्जावा भाग). तुलनेला सोडियम घ्या, तो लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल (मिलिमोल म्हणजे मोलचा हजारावा भाग), म्हणजे हायड्रोजन आयनांच्या ३५ लाख पट. एवढ्या नगण्य गोष्टीला शरीर इतके का जपते? कारण प्रथिने. प्रथिनाच्या साखळीवर जागोजागी असे गट असतात की जे प्रोटॉन घेतात किंवा सोडतात. प्रोटॉन बसला की त्या जागेचा विद्युतभार बदलतो, भार बदलला की साखळीची घडी बदलते, आणि घडी बदललेले विकर काम करत नाही.

उलट बाजूने पाहा. पेशी जगतात म्हणजे सतत आम्ल तयार करतात. अन्नाचे ज्वलन होऊन दिवसाला सुमारे १५ मोल कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. तो पाण्याशी संयोग पावून कार्बोनिक आम्ल होतो, आणि ते फुटून हायड्रोजन आयन आणि बायकार्बोनेट देते. ही क्रिया दोन्ही दिशांनी चालते. बाहेरून आम्ल आले तर बायकार्बोनेट हायड्रोजन आयन पकडतो, कार्बोनिक आम्ल होते आणि त्यातून पुन्हा कार्बन डायऑक्साइड व पाणी. यालाच बफर म्हणायचे.

आता जरा आकडेमोड येते. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर बरे. रक्ताचा पीएच या जोडीच्या गुणोत्तरावर ठरतो: ६.१ अधिक, बायकार्बोनेट भागिले विरघळलेला कार्बन डायऑक्साइड याचा लॉगॅरिदम (दहाचा कितवा घात केला की ती संख्या येते तो आकडा). ६.१ हा त्या जोडीचा स्वतःचा स्थिरांक. बायकार्बोनेट लिटरमागे २४ मिलिमोल, विरघळलेला वायू १.२ मिलिमोल. गुणोत्तर २०, वीसचा लॉगॅरिदम १.३, बेरीज ७.४.

इथे हुशार विद्यार्थी अडतो, आणि अडायलाच हवे. पुस्तक सांगते की बफर आपल्या स्थिरांकाच्या आसपास सर्वांत चांगला चालतो. ६.१ आणि ७.४ यांत तर मोठे अंतर आहे. मग शरीराने हा अर्धवट बफर का निवडला? करून पाहू. रक्तात लिटरमागे १२ मिलिमोल तीव्र आम्ल मिसळले असे समजा. १२ मिलिमोल बायकार्बोनेट खर्च होऊन १२ उरला, आणि तेवढाच नवा कार्बन डायऑक्साइड तयार झाला. भांडे झाकलेले असेल तर वायू १.२ चा १३.२ होईल. १२ भागिले १३.२, लॉगॅरिदम शून्याच्या किंचित खाली, पीएच ६.०६. माणूस मेला. पण शरीराचे भांडे झाकलेले नाही. नवा तयार झालेला सगळा वायू फुप्फुसातून निघून गेला आणि रक्तात पुन्हा १.२ च उरला, तर १२ भागिले १.२ म्हणजे १०, लॉगॅरिदम १, पीएच ७.१. आजारी, पण जिवंत. आणि मानेतल्या रोहिण्यांजवळच्या व मेंदूच्या देठातल्या संवेदकांनी आम्लता ओळखून श्वास वाढवला, वायू ०.७ वर आणला, तर गुणोत्तर १७ च्या वर जाते आणि पीएच ७.३३ पर्यंत चढतो. निम्मा बायकार्बोनेट संपूनही पीएच नेहमीच्या पट्ट्याला जवळजवळ टेकला. बंद भांड्यात जो बफर कुचकामी ठरला असता, तो एक बाजू हवेला उघडी असल्यामुळे अजोड ठरतो. रसायनशास्त्राच्या तासाला शिकवलेला बफर चंचुपात्रात असतो आणि जीवशास्त्रातला बफर श्वास घेतो, हे एकदा लक्षात आले की दोन्ही विषय वेगळे ठेवणे अशक्य होते.

खाजन शेती, म्हणजे खाऱ्या नदीकाठी बांध घालून केलेली शेती, पाहिलेल्यांना हे लवकर उमगेल. मांडवी-जुवारीच्या काठच्या बांधात मानस, म्हणजे पाण्याच्या रेट्याने उघडमिट होणारे दार, असते. भरतीचे पाणी बाहेरून रेटते तेव्हा दार मिटते, ओहोटीला आतली पातळी उंच राहिली की आतलेच पाणी दार ढकलून नदीत उतरते. पंप लागत नाही. कार्बन डायऑक्साइडही असाच उतारावरून जातो. फुप्फुसाकडे येणाऱ्या रक्तात त्याचा दाब सुमारे ४५ मिलिमीटर पारा, वायुकोशात ४०. एवढा उतार त्याला पुरतो.

फक्त वेळ फार कमी असतो. फुप्फुसाच्या केशवाहिनीतून रक्तपेशी पाऊण सेकंदात पार होते. बायकार्बोनेटपासून वायू सुटायला नुसत्या पाण्यात यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून तांबड्या पेशींत कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज हे विकर ठासून भरलेले असते. त्याच्या गाभ्यात जस्ताचा एक अणू. तो पाण्याच्या रेणूला धरून त्याचा प्रोटॉन सुटा करायला मदत करतो. असा एक विकररेणू सेकंदाला दहा लाखांपर्यंत अभिक्रिया घडवतो. मेल्ड्रम आणि रफटन यांनी १९३३ मध्ये केंब्रिजहून त्याची माहिती प्रसिद्ध केली. जीवसृष्टीतल्या सर्वांत वेगवान विकरांमध्ये त्याची गणना होते.

उरलेले, वायू न होणारे आम्ल मूत्रपिंडे बाहेर टाकतात. लिंबू आंबट असले तरी "शरीरात अल्कलाइन होते" असे सांगतात. त्यात तथ्य एवढेच की सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) जळल्यावर बायकार्बोनेट उरतो आणि मूत्राचा पीएच वाढतो. मूत्राचा पीएच ४.५ ते ८ असा कुठेही असू शकतो. तो बदलतो म्हणूनच रक्ताचा बदलत नाही. तेव्हा मूत्रात पट्टी बुडवून "तुमचे शरीर अ‍ॅसिडिक" असे कोणी सांगितले तर त्याने मूत्रपिंडे नीट चालत असल्याचा पुरावाच दाखवला, एवढे समजावे.

याच मालिकेत एक निरोप मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरतो: ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाला १९३१ चे नोबेल मिळाले ते आम्लतेमुळे कर्करोग होतो हे शोधल्याबद्दल. हे खोटे आहे. ते पारितोषिक श्वसन-विकराचे स्वरूप आणि कार्य यासाठी होते. कर्करोगाच्या गाठीभोवती आम्लता असते ती त्या पेशी स्वतः तयार करतात म्हणून. ती पाणी पिऊन जात नाही. ही थाप ऐकून उपचार लांबवणारी माणसे असतात, म्हणून तिच्याबद्दल मला राग आहे. रक्त खरोखर जास्त अल्कलाइन झाले तर काय होते तेही माहीत आहे. घाबरून भराभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड उतरतो, पीएच वर जातो, रक्तातले सुटे कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटते, आणि बोटांना, ओठांना मुंग्या येतात, कधी हात आखडतात.

कार्बन डायऑक्साइडची हीच अभिक्रिया मिरामारच्या लाटेतही चालू असते. समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी पीएच औद्योगिक युगापूर्वी सुमारे ८.२ होता, आता ८.१ आहे. ०.१ चा फरक छोटा वाटतो, पण पट्टी दहापटीची आहे, म्हणून हायड्रोजन आयन सुमारे २६ टक्क्यांनी वाढले. हे जादा आयन पाण्यातला कार्बोनेट पकडून त्याचा बायकार्बोनेट करतात, आणि तिसऱ्या, कालवे अशा शिंपल्यातल्या जीवांना शिंपला घडवायला कार्बोनेट कमी पडू लागतो.

विद्यार्थ्यांनी हे घरी पाहावे. पानाला लावायचा चुना भरपूर पाण्यात ढवळा (गोव्यात पूर्वी तो शिंपले भाजूनच करत), रात्रभर ठेवा, वरची निवळी गाळून तेवढेच पाणी घालून पातळ करा. नळीने त्यात हळूहळू फुंका. ओढू नका, आणि डोळ्यांत उडू देऊ नका. पाणी दुधासारखे होईल. चुन्याचा आणि तुमच्या श्वासातल्या वायूचा कॅल्शियम कार्बोनेट झाला, शिंपल्यात असतो तोच पदार्थ. तिथे थांबू नका, बरीच मिनिटे फुंकत राहा. पाणी पुन्हा काही अंशी निवळत जाईल, कारण जादा वायूने थोड्या कार्बोनेटचा विद्राव्य बायकार्बोनेट केला. आता ते उकळा. वायू उडून जातो, अभिक्रिया उलटी फिरते आणि पांढरा साका परत तळाशी बसतो. विहिरीच्या जड पाण्याने बंबाच्या आत धरणारे पांढरे किटणही मुख्यतः असेच तयार होते.