कॅराव्हॅनमधलं पाणी कुठून आणि कसं काढायचं

ट्रेलर पावसाळाभर उभा राहणार असेल, किंवा दोन सहलींमध्ये आठवड्याहून जास्त अंतर असेल, तर त्यातलं सगळं पाणी काढून ठेवावं. परदेशी पुस्तिकांत हे काम थंडीसाठी सांगितलेलं असतं, कारण तिकडे पाइपात बर्फ होतो. मुंबईत बर्फ नाही, उकाडा आहे. बंद टाकीतलं पाणी उकाड्यात आठ-दहा दिवसांत वास मारायला लागतं, पाइपांच्या आत बुळबुळीत थर धरतो, आणि टाकीचं झाकण किंवा हवेची नळी उघडी राहिली असेल तर डासांची सोय होते. डेंग्यूचा डास मुख्यतः स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. सोसायटीच्या आवारात ट्रेलर उभा असेल तर महापालिकेची माणसं टाकी उघडायला लावतात, ते याचसाठी.

बहुतेक जण टाकीखालचा एक नळ उघडतात, पाणी थांबलं की बंद करतात आणि ट्रेलर रिकामा झाला असं धरून चालतात. प्रत्यक्षात पाणी चार-पाच वेगळ्या जागी असतं आणि एका जागेचं पाणी दुसरीच्या नळातून येत नाही. म्हणून आधी जागा शोधा, मग पान्हा हातात घ्या.

नळ शोधायचे कसे

चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा. ट्रेलर टेकूवर असताना खाली शिरू नका. बाजूने वाकून टॉर्चने बघितलं तरी पुरतं.

पिण्याच्या टाकीचा नळ टाकीच्या बरोबर खाली असतो. बहुतेक ट्रेलरमध्ये ही टाकी एक्सलच्या वर किंवा जरा पुढे बसवतात, कारण पाण्याचं वजन तिथेच सहन होतं. अर्ध्या इंचाचा छोटा बॉल व्हॉल्व्ह किंवा नुसती टोपी लावलेली नळी, यातलं काहीतरी दिसेल. सापडलं नाही तर आत जा, टाकी ज्या पलंगाखाली किंवा सोफ्याखाली आहे तिथली फळी उचला आणि टाकीच्या तळातून निघणाऱ्या नळीचा माग काढा.

दुसरी जोडी म्हणजे लाइनीचे नळ. गार आणि गरम, दोन्ही पाइपांच्या सर्वांत खालच्या बिंदूला हे असतात. ट्रेलरच्या जमिनीतून खाली शेजारी शेजारी बाहेर आलेल्या दोन नळ्या दिसल्या की त्याच. लाल-निळे रंग असतील तर सोपं, पण सगळीकडे नसतात. खालून प्लास्टिकचा पत्रा ठोकलेल्या ट्रेलरमध्ये फक्त नळीची टोकं बाहेर दिसतात आणि कॉक आत, कपाटाच्या तळाशी किंवा सिंकखाली असतो. पत्रा कापून बघू नका. कापलेल्या जागेतून पावसाचं पाणी आत जातं आणि लाकडी जमीन फुगते.

तिसरी जागा गीझर. आयात केलेल्या अमेरिकी ट्रेलरमध्ये तो बाहेरच्या भिंतीतल्या जाळीदार दारामागे असतो. इथे बांधलेल्या ट्रेलरमध्ये सहसा घरगुती पद्धतीचा, दहा किंवा पंधरा लिटरचा, २३० व्होल्टचा गीझर कपाटात आडवा किंवा उभा बसवलेला असतो. ग्रे टाकी म्हणजे सिंक-न्हाणीचं सांडपाणी आणि ब्लॅक टाकी म्हणजे शौचालयाचं. या दोन्हींचे ओढायचे दांडे ट्रेलरच्या कडेला, मोठ्या पाइपाजवळ असतात.

सगळे नळ सापडले की प्रत्येकाला रंगीत टेप गुंडाळा आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. पुढच्या वेळी पावसात कोणी चिखलात झोपून शोधणार नाही.

क्रम

गीझरपासून सुरुवात करा, पण पाणी काढण्यासाठी नाही, बंद करण्यासाठी. वीज आणि गॅस दोन्ही बंद करा. पाणी ६० अंशांच्या आसपास असतं आणि अंगावर आलं तर भाजतं, म्हणून काही तास थांबा. घाई असेल तर गरम नळ उघडून गार पाणी फिरू द्या. रिकामा गीझर चालू राहिला तर कॉइल थोड्याच वेळात जळते. दुरुस्तीला आमच्याकडे येणाऱ्या गीझरमध्ये या कारणाचे बरेच असतात, म्हणून बटणावर चिकटपट्टी लावून वर «रिकामा» लिहा.

मग बाहेरून जोडलेला पाण्याचा पाइप काढा, पंप बंद करा आणि आतला एखादा नळ उघडून लाइनीतला दाब सोडा. त्यानंतरच ड्रेन, म्हणजे खालचे पाणी सोडायचे नळ, उघडा.

ट्रेलर ड्रेनच्या बाजूला किंचित कलता असावा. ड्रेन पुढे असेल तर पुढच्या छोट्या चाकाने ट्रेलरचं तोंड खाली घ्या, मागे असेल तर वर करा. टाकी, मग लाइनीचे दोन्ही नळ उघडा आणि आतले सगळे नळ, गरम-गार दोन्ही बाजू, पूर्ण सोडून ठेवा. सिंक, बेसिन, शॉवर, बाहेरचा शॉवर, काहीच विसरू नका. हे हवेसाठी. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गटागटा अडखळत येतं आणि दुसरं पाडलं की सरळ धार लागते, इथेही तसंच. टाकीचं भरायचं झाकणही उघडा. शंभर लिटरची टाकी अर्ध्या इंची नळातून रिकामी व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. झाकण बंद ठेवलं तर त्याहून खूप जास्त, आणि पातळ टाकीच्या भिंती आत ओढल्या जातात.

शौचालयाचा फ्लश दाबून धरा, त्याच्या नळीत कपभर पाणी हमखास असतं. शॉवरची नळी हातात घेऊन खाली सोडा, हुकावर राहिली तर तिच्या वाकात पाणी राहतं.

गीझर

लाइनीचे नळ उघडले म्हणजे गीझर रिकामा होत नाही. गरम पाणी गीझरच्या वरच्या भागातून निघतं आणि गार पाणी खालून येतं. गरम नळ उघडलात तर वरचं थोडं जातं, बाकी तसंच राहतं. गार पाण्याच्या तोंडाला पाणी उलटं जाऊ नये म्हणून एकमार्गी व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे तिकडूनही येत नाही.

घरगुती गीझरमध्ये त्या तोंडाशीच सुरक्षा व्हॉल्व्ह असतो आणि त्याला छोटा लिव्हर. खाली बादली धरून लिव्हर उचला, वरचा गरम नळ उघडा ठेवा, हळूहळू पाणी येईल. लिव्हर नसलेला व्हॉल्व्ह असेल तर गार पाण्याचा जोडच सैल करावा लागतो, तेव्हा पुसायला चिंध्या जवळ ठेवा.

अमेरिकी गीझरमध्ये बाहेरच्या दाराआड तळाला बोल्ट असतो. आधी वरच्या बाजूचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह उचलून दाब जाऊ द्या. दाब असताना बोल्ट काढला तर तो गरम पाण्यासह हातावर येतो. सबर्बन कंपनीच्या गीझरचा बोल्ट २७ मिमीच्या सॉकेटने निघतो आणि त्याला लांब मॅग्नेशियमची कांडी असते. आतल्या पोलादी टाकीऐवजी ती गंजावी यासाठी ती आहे, म्हणून झिजलेली दिसली तर घाबरू नका. पाऊण भाग गेला असेल तर बदला. डोमेटिक, म्हणजे पूर्वीचे ॲटवुड, यांची टाकी ॲल्युमिनियमची. तिला २२ किंवा २४ मिमीच्या सॉकेटने निघणारा प्लास्टिकचा बोल्ट असतो आणि कांडी नसते. बोल्ट तुटला म्हणून बाजारातला पितळी बोल्ट लावू नका. पितळ आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकत्र आले की टाकीचे आटे खराब होतात आणि मग टाकीच बदलावी लागते.

बोल्ट काढूनही धार येत नसेल तर भोक क्षारांनी बंद झालेलं असतं. मुंबईच्या नळाचं पाणी तलावांचं, त्यामुळे मऊ असतं. हे क्षार बहुतेक वेळा प्रवासात भरलेल्या बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यातून येतात. जाड तारेने हलकेच टोचा आणि नळीने आत पाणी मारून पांढरी पूड बाहेर पडेपर्यंत धुवा. तळाशी थोडं पाणी तरीही राहतं, ते चालतं. परत बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे तीन-चार वेढे द्या, हाताने सुरू करा, मग पान्हा लावा. प्लास्टिकचा बोल्ट पान्ह्याने फार आवळू नका.

जे राहून जातं

पाण्याच्या फिल्टरची वाटी. काढा, रिकामी करा, आतलं काडतूस टाकून द्या. वाटी कोरडी ठेवा आणि तिची रबरी रिंग हरवू नका.

पंपाआधीची जाळी. पारदर्शक टोपी फिरवली की निघते. जाळीत प्लास्टिकचे कीस आणि टाकी बांधताना पडलेला भुसा सापडतो, तो काढा. पंपातलं पाणी काढायला लाइनीचे नळ उघडे ठेवून पंप अर्धा मिनिट चालवा. डायफ्रॅम पंपाला एवढा कोरडा वेळ सोसतो; पाण्यात बुडवलेला छोटा पंप असेल तर कोरडा चालवू नका, तो जळतो.

सिंकखालच्या वळणातलं पाणी मात्र काढू नका. ते ग्रे टाकीचा वास अडवतं. ट्रेलर दोन महिने उभा राहणार असेल तर त्यात चमचाभर खाद्यतेल घाला, पाणी उडत नाही आणि डासही बसत नाहीत.

युरोपी ट्रेलरमध्ये ट्रूमा कंपनीचा पाण्याचा हीटर असेल तर त्याला थंडीत आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह असतो. साधारण ३ अंशांना तो उघडतो आणि ७ अंशांच्या वर गेल्याशिवाय बंद करता येत नाही. मुंबईत कळणारही नाही, पण स्पितीत किंवा लडाखमध्ये सकाळी टाकी अर्धी दिसली तर चोरी शोधू नका, व्हॉल्व्ह बघा. तिकडे जाणार असाल तर रात्री पाणी काढणं गरजेचंच. बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि जोड फुटतात. मोटारीतलं कूलंट पाइपात टाकून बर्फ थांबवायला जाऊ नका, ते विषारी असतं.

सांडपाणी

ब्लॅक टाकी आधी, ग्रे नंतर, म्हणजे पाइप साबणाच्या पाण्याने धुतला जातो. रबरी हातमोजे घाला. ब्लॅक टाकी दोन तृतीयांश भरल्यावरच सोडा. दांडा सतत उघडा ठेवला तर पातळ पाणी निघून जातं आणि घट्ट मळ तळाशी साचून कडक होतो. तो काढणं हे आमच्या कामातलं सगळ्यांत नकोसं काम आहे. सोडून झालं की व्हॉल्व्ह बंद करून टाकीत आठ-दहा लिटर पाणी ठेवा, पण तेवढंही फक्त सहल चालू असताना. ट्रेलर बराच काळ उभा करताना टाकी धुऊन कोरडी ठेवा. दांडा जड झाला तर सिलिकॉन ग्रीस वापरा, इंजिन ऑइल रबर फुगवतं. कॅसेट शौचालयाची, म्हणजे बाहेर काढून नेता येणारी, टाकी पंधरा-वीस लिटरची असते. ओतताना हवेचं बटण दाबलं नाही तर ओतणाऱ्याच्या पायावर उडतं.

कुठे ओतायचं? ब्लॅक टाकी शौचालयात किंवा सेप्टिक टँकमध्ये, जागेच्या मालकाला विचारून. रस्त्याच्या कडेच्या जाळीत कधीही नाही. मुंबईत पावसाच्या पाण्याची गटारं मैल्याच्या लाइनीपेक्षा वेगळी आहेत आणि ती नाल्यांतून समुद्रात जातात. फॉर्मल्डिहाइड असलेली रसायनं सेप्टिक टँकमध्ये टाकू नका, तिथले जंतू मरतात आणि टँक काम करेनासा होतो.

ग्रे टाकी भरलेली ठेवून खंडाळ्याचा घाट चढू नका. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, आणि हा भार एक्सलच्या मागे असेल तर ट्रेलर डुलायला लागतो. अर्धी भरलेली टाकी त्यातही वाईट, पाणी वळणावर एका बाजूला धावतं.

बंद करून ठेवताना आणि परत भरताना

ड्रेन उघडे ठेवले तर लाइनी वाळतात, पण नळीच्या तोंडाला बारीक स्टीलची जाळी बांधा. मुंग्या, झुरळं आणि डास आत जातात. उंदीर तर प्लास्टिकचे पाइप कुरतडतात, त्यामुळे जमिनीतल्या पाइपाभोवतीच्या फटीही स्टीलच्या लोकरीने बुजवा.

परत सुरू करताना आधी टाकी निर्जंतुक करा. ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे सुगंध-रंग न घातलेला साधा ब्लीच, शंभर लिटर पाण्यात १०० मिली. तेवढ्याने सुमारे ५० पीपीएम क्लोरिन होतं. गीझर बायपास करा, म्हणजे पाणी गीझरला वगळून जाईल असे व्हॉल्व्ह फिरवा, पंप चालू करून प्रत्येक नळाला ब्लीचचा वास येईपर्यंत वाहू द्या, चार तास तसंच ठेवा, मग सगळं काढून दोन वेळा स्वच्छ पाण्याने धुवा. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व एकत्र करू नका, क्लोरिन वायू सुटतो. क्षार काढायचे असतील तर वेगळ्या दिवशी.

भरण्याआधी सगळे ड्रेन बंद आहेत का ते टेपचे रंग बघून मोजा. मग पंप सुरू करा, गीझरचा बायपास परत सरळ करा, गरम नळातून हवेच्या फुसफुशीशिवाय अखंड धार येईपर्यंत थांबा आणि त्यानंतरच गीझरची वीज लावा. प्रत्येक ड्रेनखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवून पंप बंद करा. अर्ध्या तासाने कागद ओला दिसला तर तिथली टोपी किंवा बोल्ट अजून एक पाव फेरा आवळा.